टाकी संपेपर्यंत

१

आमच्या घरात गाडीबद्दलचा शेवटचा शब्द सासऱ्यांचा असतो. मी त्यांना बाबा म्हणत नाही, सर म्हणते. लग्नाआधी मी त्यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकले. पहिल्याच दिवशी गाडी एका कंपाउंडच्या भिंतीकडे निघाली आणि मी दोन्ही हात सोडून डोळे मिटून घेतले. तेव्हा शेजारून ते ओरडले होते, "दाब! अगं पोरी, ब्रेक दाब!" पुढे त्यांच्या मुलाशी लग्न झालं, पण तोंडातलं सर काही गेलं नाही. त्यांनाही ते आवडतं, कबूल करत नाहीत एवढंच.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. हयातभर त्यावर पाय ठेवून बसल्यामुळे, स्कूल बंद करून वर्षं झाली तरी सरांचा उजवा पाय काही निवृत्त झालेला नाही. कुणीही चालवत असो, पुढे कुत्रं आलं की त्यांचा पाय खाली धप्पकन आपटतो. "बाबा, पत्र्याला भोक पाडाल एखाद दिवस," नवरा म्हणतो. सर म्हणतात, "तू नीट चालव, मग नाही पडणार."

मुलगी व्हायच्या थोडं आधी आम्ही ही हायब्रिड गाडी घेतली. विकणारा पोरगेला होता आणि तोंडाचा भलताच गोड. गाडी पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते, कधी कशावर ते तिचं तीच ठरवते. ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते. बॅटरी मागच्या सीटखाली आहे आणि तिला गार ठेवायला सीटच्या डाव्या कडेला एक जाळी आहे, तिच्यातून ती गाडीतली हवा आत ओढते. "या जाळीवर उशीबिशी ठेवू नका हं," तो हसून म्हणाला. "तिला श्वास घेऊ द्या. आणि एका टाकीत हजार किलोमीटर, डोळे मिटून."

"शेंडी लावतोय," सर बाहेर आल्यावर म्हणाले. "डोळे मिटून गाडी चालवणारी एक आपल्या घरात आहेच."

सरांची पद्धत जुनी, टाकी ते टाकी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर शून्यावर आणायचा, आणि गाडी बंद पडेपर्यंत मध्ये थेंबही घालायचा नाही. डिकीत पेट्रोलचा डबा ठेवायचा, बंद पडली की तो ओतून घरी यायचं. त्यांनी टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेनाने सही केली आणि घरातल्या सगळ्यांना बजावलं, "टाकी संपेपर्यंत या पट्टीला कुणी हात लावायचा नाही."

आम्ही हसलो होतो. म्हातारा माणूस, रमतोय तर रमू दे.

२

मग मुलगी झाली, आणि आमच्या घरातली झोप संपली.

मी झोपेबद्दल बोलायला लागले की माझी बहीण म्हणते, सगळ्यांचीच बाळं रडतात गं. रडत असतील. आमची रडायची नाही, ती कामावर असायची. सरांनी तिचं नावच हॉर्न ठेवलं होतं. "हॉर्न वाजला!" ते आतून ओरडायचे, आणि मी अर्धा चहा टाकून पळायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, घरी येतो तेव्हा त्याच्यात जीव नसतो. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. रजा! हा शब्द ज्याने काढला त्याला एक दिवस माझ्या घरी आणून ठेवायला हवा.

डोळ्याला डोळा नाही असे महिने गेले. मी फ्रिजमध्ये किल्ल्या ठेवल्या. दात घासायला गेले आणि ब्रशला तिच्या अंगाला लावायची क्रीम लावली. एकदा उभ्या उभ्या झोपले आणि जाग आली तेव्हा मी मोकळ्या हातांनी अंगाई म्हणत होते, आणि ती पलंगावर पडून माझ्याकडे बघत होती.

ती फक्त गाडीत झोपायची. हा शोध सरांचा. दुपारी जेवण झालं की आम्ही तिघं निघायचो. मी चालवायला, शेजारी सर, मागे डाव्या बाजूला तिची खुर्ची. घरामागचा उतार उतरून मोठ्या रस्त्याला लागायचं, बंद पडलेल्या कागदाच्या गिरणीवरून पुलापर्यंत जायचं, पूल ओलांडून रोपवाटिकेच्या कडेने परत. दुपारी रस्ते रिकामे असतात. गाडी बॅटरीवर असली की आवाज म्हणून नाही, फक्त टायरखाली खडी करकरते. गिरणी यायच्या आत ती झोपलेली असायची.

पहिल्या दिवशी मी त्या शांततेत चक्क रडले. सर बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "चौथ्या गिअरला रड, बाई. ही गाडी गिअर नसलेली आहे, म्हणजे कधीही रड."

३

काट्याकडे पहिल्यांदा लक्ष माझंच गेलं.

गाडी घेतल्यापासून काटा अर्ध्यावर आला होता. मग आमच्या दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि काटा अर्ध्यावरच राहिला. आठवडा गेला, दुसरा गेला. सरांनी आधी गाडीला शाबासकी दिली. "उतारावर बॅटरी भरते ना, त्याचा परिणाम. पोरगा अगदीच थापा मारत नव्हता." मग त्यांनी गाडीला नावं ठेवली. टाकीत एक फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगणारा, तो खाली जाईल तसा काटा खाली येतो. "तो अडकला असणार. नव्या गाड्या म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा."

मीही तेच धरून चालले. दिवसभर माणसांना मी हेच समजावते, की डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं नसतं. एक डोळा झाका, आता कसं दिसतं सांगा, आता दुसरा झाका. शिवाय झोप नसलेल्या माणसाने काट्यावर काय, स्वतःच्या नावावरही विश्वास ठेवू नये.

पण फ्लोट अडकला तर काटा थांबेल. वर कसा चढेल?

त्या दिवशी पुलावरून वळताना तो अर्ध्याच्या खाली एक केसभर होता. घरी आलो तेव्हा अर्ध्याच्या वर होता. मी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिरक्या जागी उभी आहे गाडी," ते म्हणाले.

गाडी रोज तिथेच उभी असते. पण मी वाद घातला नाही. मागे ती झोपली होती आणि मला गाडीतून तिला न उठवता वर न्यायचं होतं, हे काम बाँब निकामी करण्याइतकं नाजूक असतं. तसं मी खुर्चीचा पट्टा श्वास रोखून सोडला. तिला उचललं, खांद्यावर घेतलं, दार पायाने लोटलं. दार जोरात लागलं. ती हललीही नाही.

देव पावला, मला वाटलं.

४

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता हसला. "पेट्रोल वाढतंय म्हणून तक्रार करणारी तू पहिलीच. शेजाऱ्यांना सांगू नकोस, पाइप घेऊन येतील."

सरांना मात्र चैन पडेना. त्यांच्या मोजमापात खोट निघाली होती. एका सकाळी ते एकटेच तोच रस्ता फिरून आले. काटा उतरला. दुसऱ्या सकाळी मला घेऊन गेले, तिला नवऱ्याजवळ ठेवून. काटा उतरला. मग एकदा ती बरोबर होती पण झोपलीच नाही, लस टोचून आणली होती म्हणून सबंध फेरीभर बोंबलत होती. काटा उतरला, अगदी शहाण्या गाडीसारखा.

त्याच दुपारी ती रडून दमली तेव्हा आम्ही पुन्हा निघालो आणि गिरणी यायच्या आत ती झोपली. काटा पुलापर्यंत थांबला, परतीला चढला.

"योगायोग," सर म्हणाले. मीटरवर हजाराचा आकडा त्या आठवड्यात उलटला. मला वाटलं होतं, त्या दिवशी ते विक्रेत्याला फोन करून कबुली देतील, निदान आपल्या भावाला तरी फोन करून बढाई मारतील. त्यांनी मीटरकडे पाहिलं आणि रेडिओ लावला. रेडिओवर बातम्या होत्या. त्यांनी तो बंद केला.

५

तोवर घरात सगळे खूश होते. हॉर्न वाजेनासा झाला होता. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबली, संध्याकाळची रात्रीला मिळाली. नवरा ताजातवाना दिसायला लागला. बहीण म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? मी पहिल्यांदा सलग झोपले आणि उठले तेव्हा दुपार होती, उशी ओली झाली होती, आणि घरात कुठलाही आवाज नव्हता. मी धावत तिच्याकडे गेले. ती झोपली होती. श्वास चालू होता. हळू होता.

खोटं कशाला बोलू, मी परत जाऊन आडवी झाले.

मग एक एक गोष्ट टोचायला लागली. ती दूध अर्धं पिऊन तोंड उघडंच ठेवून झोपायची. सर तिच्यापुढे किल्ल्या वाजवायचे, तर ती किल्ल्यांकडे न बघता त्यांच्यामागे कुठेतरी बघायची. मी डोळ्यांची माणूस, मी टॉर्च घेतला. बाहुल्या बारीक झाल्या, मोठ्या झाल्या, सगळं जिथल्या तिथे. पण उजेड डोळ्यांवर पडला की मूल वैतागतं, तोंड वाकडं करतं. हिने ते केलं नाही. दमलेला माणूस उजेडाला जसा शरण जातो, तशी ती पडून राहिली. इतक्याशा जिवाला इतकं कसलं दमायला झालं होतं? दमले तर मी होते.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, छाती ऐकली, रक्त तपासलं. "सगळं छान आहे. झोपणारं मूल मिळायला नशीब लागतं. माझ्याकडे आयांची रांग असते, झोपत नाही म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही झोपता का?"

मी म्हटलं, हो, आता झोपते. ते म्हणताना मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचलून पर्समध्ये टाकलं. घरी आल्यावर सापडलं.

६

मोठ्या रस्त्यावर, गिरणीच्या अलीकडे, एक सिग्नल आहे. तिथे आडवा रस्ता जवळजवळ नाहीच, पण लाल दिवा फार वेळ असतो. त्या दुपारी सर घरीच होते, पाठ धरली म्हणून. मी आणि ती, दोघीच.

सिग्नलला गाडी थांबली. इंजिन बंद झालं. एसीही मी बंद ठेवला होता, तिला सर्दी होईल म्हणून. त्यामुळे आवाज ऐकू आला. मागून, डावीकडून, एक बारीक आवाज. जाळीतला पंखा. बॅटरी गार करणारा, विक्रेत्याने सांगितलेला. मला ठाऊक होतं तो काय आहे. तरी मी आरसा वळवला.

ती मान टाकून झोपली होती. तिच्या कपाळावरची जावळं, ती भुरभुरीत, कधी कुणाचं ऐकत नाहीत अशी, सगळी एका बाजूला वळलेली होती. जाळीकडे. दुपट्याची झालर जाळीकडे. गळ्यातल्या लाळेऱ्याची नाडी ताठ, जाळीकडे.

हवा ओढते, मी स्वतःला सांगितलं. सांगितलंच होतं त्याने, हवा ओढते.

समोरच्या पडद्यावर गाडीचं एक चित्र असतं. चाकं, इंजिन, मागच्या सीटखाली बॅटरी, आणि त्यांच्यामधून पळणारे छोटे बाण. गाडी चालली की बाण बॅटरीकडून चाकांकडे. ब्रेक दाबला की चाकांकडून बॅटरीकडे. उभी असली की एकही बाण नसतो. माझा नवरा लिफ्टवाला, त्याला हे बाण भारी आवडतात.

गाडी उभी होती. चाकं थांबलेली, इंजिन बंद. आणि पडद्यावर एक बाण होता. तो चाकांकडून येत नव्हता. तो वरून येत होता, सीटवरून खाली, बॅटरीत. हळू, एकेक ठिपका. बॅटरीची एक पट्टी भरली. मग दुसरी.

मागच्या गाडीचा हॉर्न वाजला, दिवा हिरवा झाला होता. मी पुढे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं, तर नेहमीचे बाण होते. मी गाडी बाजूला घेतली, तिला खुर्चीतून ओढून काढलं, रस्त्याकडेला उभी राहून तिच्या पाठीवर थोपटलं, मग जोरात थोपटलं, मग तिच्या तळपायाला चिमटा काढला. आईने काढू नये इतक्या जोरात काढला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. रडली नाही.

तिला कडेवर घेऊन मी उन्हात चालत घरी आले. गाडी नंतर नवऱ्याने आणली.

७

सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, निदान "झोप जरा, पोरी" म्हणतील. ते पाठीला शेकायची पिशवी लावून बसले होते. ऐकून घेतलं.

"हिला आता त्या गाडीत बसवायचं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"फुकट कुठलीच गाडी चालत नाही," ते पुढे म्हणाले. "तेवढं तर कळायला हवं होतं मला. इतकी वर्षं शिकवलं लोकांना." आणि पिशवी गार झाली तरी तशीच धरून बसले.

तिला गाडीत बसवणं आम्ही बंद केलं, तरी तिची झोप काही हटली नाही. दोन दिवस मी तिला पाण्याने पुसून, गुदगुल्या करून, गाणी म्हणून जागं ठेवायचा प्रयत्न केला. माझ्यासारख्या बाईने मुलाला झोपू नकोस म्हणून विनवावं! तिसऱ्या दुपारी दूध तिच्या ओठांवरून परत बाहेर आलं. मी हाक मारली. सरांनी किल्ल्या वाजवल्या. मी ओरडले. शेजारची बाई दारात आली इतक्या जोरात ओरडले.

नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी बंद लिफ्टच्या टपावर उभा होता. टॅक्सीसाठी फोन लावला तर कुणी घ्यायला तयार नाही. सरांनी माझ्या हातून फोन काढून घेतला.

"गाडी दारात आहे."

"सर, नाही. त्यात नाही."

"मग इथेच बसायचं का बघत?" ते ओरडले, ती शिकवणीतली ओरड. मग आवाज उतरवून म्हणाले, "तू चालव. मी मागे बसतो. हिला मांडीवर घेतो, खुर्ची काढून टाक."

सर कधी मागे बसत नाहीत. लग्नकार्याला जातानाही नाही. मी खुर्ची काढली. ते डाव्या दाराने आत शिरले, सरकून मधे बसतील असं मला वाटलं, पण ते डावीकडेच राहिले, पाठ जाळीला लावून, आणि तिला उजव्या हातावर घेतलं, जाळीपासून होईल तितकी दूर.

"या बाजूला मीच बरा," ते म्हणाले. "चल, पोरी. आरशात बघू नकोस, रस्त्यावर बघ."

मी आरशातच बघत होते. उतार उतरलो. गाडी आवाज न करता चालली होती. सरांनी तिच्या पोटावर पंजा ठेवला होता आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मोठ्या रस्त्याला लागताना त्यांचे डोळे मिटलेले दिसले.

"सर, झोपू नका हं."

"डोळे मिटलेत फक्त."

"बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू? तू क्लचवरून पाय काढत नव्हतीस कधी. तुला पास केलं ते..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. मग फार लांबून बोलल्यासारखं म्हणाले, "छान झोप येते गं इथे. लहानपणी यायची तशी."

"सर!"

पडद्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी दिसलं. बाण एक नव्हता, झड लागल्यासारखे होते. काटा चढत होता, डोळ्यांदेखत.

आणि मागून हॉर्न वाजला. आमचा हॉर्न. आधी एक उचकी, मग एक बारीक कुरबुर, मग घसा फाडून, जुना, ओळखीचा, हक्काचा टाहो. हातपाय झाडून रडत होती. किती महिने मी त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या! मी पण रडायला लागले, हसायला लागले, मला समोरचं नीट दिसेना. तो सिग्नल आला, लाल होता, पुढे एक टेम्पो उभा होता आणि मी अजून वेगातच होते.

मागे धप्प आवाज झाला. उजवा पाय, पत्र्यावर.

मी ब्रेक दाबला. टेम्पोच्या वीतभर अलीकडे गाडी थांबली. मी वळून बघितलं. ती त्यांच्या हातातून सुटून सीटवर पडली होती आणि लालबुंद होऊन रडत होती. सर जाळीला टेकून झोपले होते. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस मागे ओढले गेले होते.

८

तिला काही झालेलं नाही, असं दवाखान्यात म्हणाले. भूक लागलीय हो हिला, एवढंच.

सरांनाही काही झालेलं नाही. हृदय ठीक, मेंदू ठीक, रक्त ठीक. झोपलेत. वय झालंय, डॉक्टर म्हणाले, आणि खांदे उडवले. मग घरी घेऊन जा म्हणाले. आता ते बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंगावर असतात. नळीने दूध जातं. नवरा रोज त्यांची दाढी करतो, आणि करताना त्यांच्याशी लिफ्टबद्दल बोलतो.

ती पहिल्यासारखी झाली आहे, पहिल्यापेक्षा वाईट. रात्र नाही, दिवस नाही. माझी रजा संपली, मी लोकांना म्हणते वरची ओळ वाचा, आणि ओळ मलाच दिसत नाही. पण एकदाही तिला गप्प हो म्हटलेलं नाही. कानाला खडा.

गाडी खाली कव्हर घालून उभी आहे. नवरा म्हणतो विकून टाकू, मी किल्ली लपवली आहे. म्हणतो निदान टाकी तरी भरून ठेवू, मी म्हणते सरांची पट्टी आहे तिच्यावर, हात लावायचा नाही. त्याला वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे.

मी रोज एकदा खाली जाते, कव्हर उचलते, किल्ली फिरवते. पडद्यावर आकडा येतो, अजून किती किलोमीटर जाईल त्याचा. गाडी जागची हललेली नाही. आकडा रोज थोडा कमी असतो.

टाकी भरली तर काय होईल मला माहीत नाही. संपली तर काय होईल तेही माहीत नाही. माहीत एवढंच आहे की तो आकडा उतरतो तसा सरांचा पाय हळू पडायला लागलाय.

कारण त्यांचा पाय अजून चालतो. सगळं अंग निपचित असतं आणि मधूनच चादरीखाली उजवं पाऊल पुढे जातं, दाबतं, परत येतं. नवरा म्हणतो शिरा आखडतात. मी पलंगाशी बसून बघितलंय. ते आखडणं नाही. समोर काहीतरी आल्यासारखं दाबतात. कुणीतरी चालवतंय, ते शेजारी बसलेत, आणि चालवणाऱ्याला थांबायचं नाहीये.

मी काही केलं नाही असं नाही. दुपारच्या सुट्टीत घरी येते, मागच्या सीटवर जाऊन पडते, जाळीला डोकं लावून. घे म्हणते. माझ्याकडे घेण्यासारखं काही उरलं असेल तर घे, आणि त्यांचं त्यांना दे. डोळे मिटते. इतक्या महिन्यांची दमलेली बाई मी, उभ्याने झोपणारी. तिथे मला झोप येत नाही. टक्क जागी पडून राहते, आणि जाळीतला पंखा फिरत राहतो.

आज आकडा बघून वर आले. फार उरलेला नाही. आत ती रडत होती, नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. मी सरांच्या पलंगावर पायाशी बसले. बराच वेळ पाऊल हललं नाही. मग चादर किंचित उचलली गेली. पाऊल अर्धं पुढे आलं, आणि तिथेच राहिलं, जोर नसल्यासारखं.

मी चादर काढली. त्यांच्या तळव्याला माझा हात लावला, ब्रेकसारखा, आणि वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "दाबा, सर. दाबा ना. अजून जोरात दाबा."